अमेरिकेचं फेडरल कोर्ट चालतं कसं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक अर्ज नामंजूर केला. कारण दिलं नाही, निकालपत्र लिहिलं नाही. त्या दिवशीच्या आदेशांच्या लांबलचक यादीत अर्जाचा क्रमांक, पक्षकारांची नावं आणि नामंजुरी, एवढंच. पण त्या एका ओळीवर एडिसन, डॅलस, सॅन होजे इथल्या कितीतरी मराठी घरांचे हप्ते आणि नोकऱ्या अवलंबून होत्या. एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्या माणसाची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत पोचली असेल, तर एच-४ या कुटुंबीयांसाठीच्या व्हिसावर असलेल्या बायकोला किंवा नवऱ्याला नोकरी करता येते. हा नियम ओबामा सरकारने २०१५ मध्ये केला. तो रद्द करा म्हणून दाखल झालेला खटला त्या दिवशी संपला. मधे दहा वर्षं गेली होती.

त्या दहा वर्षांत इकडे पुण्या-नाशिकला आणि तिकडे न्यू जर्सीला ‘कोर्टात केस गेलीय, आता काही खरं नाही’ असे निरोप फिरत राहिले. लोकांनी घर घेणं पुढे ढकललं, मुलांच्या शाळेचे निर्णय लांबवले. त्यातली निम्मी भीती तरी टळली असती, असं मला मनापासून वाटतं. केस कुठल्या कोर्टात आहे, कुठल्या टप्प्यावर आहे आणि न्यायाधीशांसमोर नेमका प्रश्न कोणता आहे, एवढं कुणीतरी सांगायला हवं होतं. अमेरिकेच्या फेडरल कोर्टात ‘बरोबर कोण’ हा प्रश्न बराच उशिरा येतो. त्याआधी हे कोर्ट या भांडणासाठी आहे का, तक्रार करणाऱ्याचं खरंच काही बिघडलंय का, आणि आत्ता नक्की काय मागितलंय, हे तीन प्रश्न सुटावे लागतात. हे ध्यानात आलं की बातम्या वाचण्याची पद्धतच बदलते.

एका देशात दोन न्यायव्यवस्था

आपल्याला सवय एकाच उतरंडीची. ठाण्याच्या कोर्टात सकाळी चेक न वटल्याचा खटला चालतो, तो संसदेच्या कायद्याखाली. दुपारी त्याच इमारतीत भाडेकरूचा दावा चालतो, तो महाराष्ट्राच्या भाडेनियंत्रण कायद्याखाली. दोन्हींचं अपील शेवटी मुंबई उच्च न्यायालयात आणि तिथून दिल्लीला जाऊ शकतं. कायदा केंद्राचा की राज्याचा, याने कोर्टाची इमारत बदलत नाही. हे ठरवून केलेलं आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेशी तुलना करून हाच फरक सांगितला होता: भारतात केंद्र आणि राज्य अशी दोन सरकारं असली, तरी न्यायव्यवस्था मात्र एकच आणि अखंड राहील. अमेरिकेची व्यवस्था त्यांना नुसती पुस्तकातून ठाऊक नव्हती. १९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले होते.

अमेरिकेत प्रत्येक राज्याची खालपासून वरपर्यंत स्वतंत्र कोर्टं आहेत. न्यू जर्सीचं स्वतःचं सर्वोच्च न्यायालय ट्रेंटनला आहे, आणि न्यू जर्सीच्या कायद्याचा अर्थ काय, यावर शेवटचा शब्द त्याचाच. त्यात केंद्राच्या कायद्याचा किंवा अमेरिकेच्या घटनेचा प्रश्न नसेल, तर वॉशिंग्टनचं सर्वोच्च न्यायालयसुद्धा तो अर्थ बदलू शकत नाही. घटस्फोट, वारसा, घरमालकाशी भांडण, गाडीचा अपघात, बहुतेक खून आणि चोऱ्या हे सगळं राज्यांच्या कोर्टात चालतं. देशातले ९० टक्क्यांहून जास्त खटले तिथलेच.

इथे एक इशारा देतो, कारण मराठी बातम्यांत ही गल्लत नेहमी दिसते. न्यूयॉर्क राज्यात ‘सुप्रीम कोर्ट’ हे नाव खालच्या, साक्षीपुरावा ऐकणाऱ्या कोर्टाला आहे. तिथलं सर्वांत वरचं कोर्ट ‘कोर्ट ऑफ अपील्स’. मे २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना ज्युरीने दोषी ठरवलं, ते या न्यूयॉर्कच्या सुप्रीम कोर्टात. तो राज्याच्या कायद्याखालचा खटला होता आणि ती त्याची पहिलीच पायरी होती.

फेडरल कोर्टं या सगळ्याच्या शेजारी, समांतर उभी आहेत. घटनेच्या तिसऱ्या कलमाने त्यांना जन्म दिला आणि १७८९ च्या कायद्याने आकार. त्यांच्या दारातून आत जायला मोजक्याच वाटा आहेत. भांडण केंद्राच्या कायद्याचं, घटनेचं किंवा परराष्ट्र कराराचं असावं, किंवा अमेरिकेचं सरकार स्वतः पक्षकार असावं. तिसरी वाट म्हणजे दोन बाजू वेगवेगळ्या राज्यांच्या नागरिक असाव्यात आणि दावा ७५,००० डॉलरच्या वरचा असावा. या तिसऱ्या वाटेमागचं कारण माणसाच्या स्वभावातलं आहे: परगावच्या पक्षकाराला गावातल्या कोर्टात न्याय मिळेल का, ही शंका तेव्हाही होती. व्हिसा, पेटंट, दिवाळखोरी, शेअर बाजारातली फसवणूक, केंद्राच्या खात्यांविरुद्धच्या तक्रारी हे सगळं या बाजूला येतं.

‘फेडरल कोर्ट’ नावाचं न्यायालय आपल्याकडेही होतं, हे आज फारसं कुणाच्या लक्षात नाही. १९३५ च्या कायद्यानुसार १ ऑक्टोबर १९३७ ला ते दिल्लीत सुरू झालं. प्रांतांचे आपसातले आणि केंद्राशी असलेले वाद सोडवणं हे त्याचं मुख्य काम. सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर आणि सोबत दोनच न्यायाधीश. त्या दोघांतले एक मुकुंदराव जयकर. पुणे विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू, आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाला नाव आहे ते त्यांचंच. १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालय आलं आणि हे न्यायालय त्यात विलीन झालं.

अमेरिकेत आज ९४ फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टं आहेत. प्रत्येक राज्यात निदान एक. कॅलिफोर्निया, टेक्सास, न्यूयॉर्कमध्ये चार-चार. त्यांच्यावर १३ अपील कोर्टं, ज्यांना सर्किट म्हणतात: बारा भौगोलिक भागांची, आणि तेरावं पेटंटसारख्या ठरावीक विषयांसाठी. सर्वांत वर नऊ न्यायमूर्तींचं सर्वोच्च न्यायालय. नऊ हा आकडा घटनेत नाही. तो काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ठरवलेला आहे आणि १८६९ पासून टिकून आहे.

एच-४ चा खटला: वर, खाली, पुन्हा वर

एप्रिल २०१५ मध्ये ‘सेव्ह जॉब्स यूएसए’ नावाच्या संघटनेने वॉशिंग्टनच्या डिस्ट्रिक्ट कोर्टात दावा लावला. संघटनेतली माणसं सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीत संगणक विभागात कामाला होती. आपल्या जागी एच-१बीवरचे लोक आणले, असं त्यांचं म्हणणं. एच-४ च्या जोडीदारांना नोकरी द्यायचा अधिकार काँग्रेसने गृहसुरक्षा खात्याला दिलेलाच नाही, सबब नियम रद्द करा, ही मागणी.

नियम २६ मेपासून लागू होणार होता. म्हणून त्यांनी आधी तातडीची मनाई मागितली. खटला संपेपर्यंत नियम थांबवा. अशी मनाई सहज मिळत नाही. आपण शेवटी जिंकण्याची शक्यता आहे आणि तोवर जे नुकसान होईल ते नंतर भरून निघणार नाही, हे दाखवावं लागतं. न्यायाधीश तान्या चटकन यांनी नियम लागू होण्याच्या दोन दिवस आधी ही मागणी फेटाळली, कारण भरून न निघणारं नुकसान दाखवलेलं नव्हतं. नियम कायदेशीर आहे की नाही, याचा निकाल त्या दिवशी लागलाच नाही.

२०१६ मध्ये त्यांनी दावाही फेटाळला. तेव्हाही मूळ प्रश्नाला हात न लावता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: तुमच्या नोकऱ्या गेल्या असतील तर त्या एच-१बीमुळे; एच-४ च्या नियमाने तुमचं काय बिघडलं ते तुम्ही दाखवलेलं नाही. इथे फेडरल कोर्टाचा सगळ्यांत कडक नियम लागतो. ज्याला प्रत्यक्ष झळ बसली आहे, त्यानेच दाद मागायची. कायदा चुकीचा वाटतो, देशाचं नुकसान होतंय असं वाटतं, एवढ्यावर दार उघडत नाही.

आपल्या दृष्टीने हे विचित्रच. आपल्याकडे तुरुंगातून आलेल्या पत्राचीही याचिका होऊ शकते. वर्तमानपत्रातली बातमी वाचून उच्च न्यायालय स्वतःहून सरकारला नोटीस काढू शकतं. घटनेच्या १४३ व्या कलमाखाली राष्ट्रपती सर्वोच्च न्यायालयाला थेट सल्लाही विचारू शकतात. राज्यपालांनी विधेयकं किती काळ अडवून ठेवायची, या प्रश्नावर नोव्हेंबर २०२५ मध्ये असाच अभिप्राय दिला गेला. अमेरिकेत हे दार १७९३ मध्येच बंद झालं. युरोपातल्या युद्धात अमेरिकेने तटस्थ राहण्याबाबत अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांना काही कायदेशीर शंका होत्या. परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन यांनी त्या सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवल्या. सरन्यायाधीश जॉन जे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नम्रपणे नकार कळवला: आमच्यासमोर भांडण आलं तर निवाडा करू, सल्ला देणं आमचं काम नाही. ती रेघ आजवर पुसलेली नाही.

आपल्या जनहित याचिकेने गरिबाला कोर्टाची पायरी चढू दिली, हे मला फार मोलाचं वाटतं आणि त्या बाबतीत मी आपल्या बाजूचा आहे. पण अमेरिकेच्या कडकपणाचाही एक फायदा आहे. न्यायाधीशासमोर नेहमी दोन जिवंत बाजू असतात, खरी कागदपत्रं असतात, आणि निकाल कुणाला लागू होणार हे आधीच माहीत असतं.

खटला अपिलात गेला. २०१७ मध्ये ट्रम्प सरकार आलं आणि म्हणालं, हा नियम मागे घेण्याचा आमचाच विचार चालू आहे, तोवर थांबा. अपील थांबलं. सर्वांत जास्त धसका लोकांनी घेतला तो या काळात. पण नियम काही मागे घेतला गेला नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला: एच-४ वाले याच बाजारात नोकरी शोधतील, स्पर्धा वाढेल, एवढी झळ पुरेशी आहे. दावेदारांना उभं राहण्याचा हक्क आहे. आता मूळ प्रश्न ऐका. असं म्हणून फाईल पुन्हा चटकन यांच्याकडे खाली पाठवली. त्या दिवशी ‘एच-४ विरोधक जिंकले’ अशा बातम्या आल्या. जिंकले होते ते फक्त बोलण्याचा हक्क.

मार्च २०२३ मध्ये मूळ प्रश्नाचा निकाल लागला: खात्याला असा अधिकार आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अपील कोर्टाने तो कायम ठेवला. यात पाहण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, २०२२ मध्ये, याच अपील कोर्टाने परदेशी विद्यार्थ्यांना शिक्षणानंतर काम करण्यासाठी मिळणाऱ्या ओपीटी परवानगीचा खटला ऐकून खात्याच्या बाजूने कौल दिला होता. तो निकाल नव्या पीठावर बंधनकारक होता. म्हणजे एच-४ वरच्या बायकोच्या नोकरीचा निकाल बऱ्याच अंशी विद्यार्थ्यांच्या खटल्यात आधीच लागून गेला होता.

दावेदारांकडे तेव्हा एक नवं हत्यार होतं. कायदा संदिग्ध असेल तर सरकारी खात्याने लावलेला वाजवी अर्थ कोर्टाने मानावा, असा १९८४ पासूनचा दंडक होता. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला आणि सांगितलं की कायद्याचा अर्थ लावणं हे न्यायाधीशाचं काम आहे. मग ओपीटीचा जुना निकालही गेला, असा त्यांचा युक्तिवाद. अपील कोर्टाचं उत्तर सरळ होतं: तो निकाल या दंडकावर उभाच नव्हता. त्यानंतर आली ऑक्टोबर २०२५ ची ती एक ओळ.

सर्वोच्च न्यायालयाने अर्ज नाकारला म्हणजे खालचा निकाल त्याला पटला, असं मुळीच नाही. त्याच्याकडे दरवर्षी हजारो अर्ज येतात आणि पूर्ण सुनावणी होते ती साठ-सत्तरच्या आसपास खटल्यांची. नवांपैकी चौघांना घ्यावासा वाटला तरच खटला आत येतो. बहुधा दोन सर्किटांनी एकाच कायद्याचे उलटसुलट अर्थ लावले असतील तर. एच-४ च्या बाबतीत चौघं झाले नाहीत, एवढंच आपल्याला म्हणता येतं.

न्यायाधीश दिवसभर काय करतात

अपील कोर्टाचे न्यायाधीश साक्षीदार पाहत नाहीत. दोन्ही बाजूंचे लेखी युक्तिवाद, खालच्या कोर्टाचं दप्तर, मग दोन्ही वकिलांना मोजकी मिनिटं, तीही बरीचशी प्रश्नांची उत्तरं देण्यात जातात. नंतर महिनोन्‌महिने लेखन. खरी धामधूम डिस्ट्रिक्ट कोर्टात असते, आणि तिथला न्यायाधीश काय करतो आणि काय करत नाही, हे पाहायला रजत गुप्ता यांच्यासारखा दुसरा खटला नाही.

गुप्ता हे मॅकिन्झी या सल्लागार कंपनीचे माजी प्रमुख, गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेचे संचालक. आरोप असा की संचालक मंडळातली गुपितं त्यांनी हेज फंड चालवणाऱ्या राज राजरत्नम यांना पुरवली. २३ सप्टेंबर २००८ ला वॉरन बफेट यांची बर्कशायर कंपनी गोल्डमनमध्ये पाच अब्ज डॉलर गुंतवणार, याला मंडळाने फोनवरच्या बैठकीत मान्यता दिली. बैठक संपल्यावर मिनिटाभरातच गुप्तांच्या बाजूने राजरत्नम यांना फोन गेला. बाजार बंद व्हायला काही मिनिटं उरली असताना राजरत्नम यांच्या फंडाने गोल्डमनचे शेअर घेतले. त्या फोनवर काय बोलणं झालं, याची ध्वनिफीत नव्हती. होती ती फक्त वेळांची नोंद, आणि नंतर राजरत्नम दुसऱ्यांशी जे बोलले त्याची टेप.

आरोप ठेवायचा की नाही, हे न्यायाधीशाने ठरवलं नाही. ते काम ग्रँड ज्युरीचं. १६ ते २३ सामान्य नागरिक बंद खोलीत सरकारी वकिलाचा पुरावा ऐकतात. निदान बाराजण तयार झाले तर आरोपपत्र निघतं. ते ऑक्टोबर २०११ मध्ये निघालं. सरकारी वकील होते प्रीत भरारा, न्यायाधीश जेड रेकॉफ, कोर्ट मॅनहॅटनचं.

मे-जून २०१२ च्या सुनावणीत रेकॉफ यांनी जे केलं ते बाहेरून दिसायला कोरडं, पण निर्णायक. ज्युरीत कोण बसणार, त्यांना पूर्वग्रह आहेत का, हे तपासलं. टेपवरचं राजरत्नम यांचं दुसऱ्याशी झालेलं बोलणं म्हणजे ऐकीव पुरावा. तो ज्युरीला ऐकवायचा का? ऐकवायचा, असं ठरवलं. बचाव पक्षाच्या साक्षीदारांना किती आणि काय बोलता येईल, याच्या सीमा आखल्या. शेवटी ज्युरीला कायदा समजावला: गुन्हा सिद्ध व्हायला नेमकं काय काय पटायला हवं. मग ते बाजूला झाले. दोषी की निर्दोष, हे बारा नागरिकांनी एकमताने ठरवायचं. त्यांनी चार आरोपांत दोषी ठरवलं आणि दोन आरोपांतून सोडलं.

आपल्याकडे ज्युरीचं नाव काढलं की नानावटी खटला आठवतोच. १९५९ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटलं. न्यायाधीशांना तो कौल पटला नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे शिक्षा झाली. अमेरिकेत हे घडूच शकत नाही. ज्युरीने निर्दोष सोडलं की त्या आरोपावर पडदा. न्यायाधीशाला कितीही खटकलं तरी सरकारला अपील नाही.

शिक्षा ठरवणं मात्र न्यायाधीशाचं काम, आणि इथे रेकॉफ खऱ्या अर्थाने एकटे होते. फेडरल कोर्टात शिक्षेसाठी एक तक्ता आहे: उभे ४३ स्तर गुन्ह्याच्या गांभीर्याचे, आडवे सहा रकाने जुन्या गुन्ह्यांचे. दोन्ही जुळले की महिन्यांची पट्टी मिळते. १९८७ पासूनचा हा तक्ता आधी बंधनकारक होता. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो केवळ सल्ल्याचा ठरवला. गुप्तांसाठी हिशेब आला ७८ ते ९७ महिन्यांचा. बिल गेट्स, कोफी अन्नान यांच्यासारख्यांनी त्यांच्या चांगुलपणाची पत्रं पाठवली. बचावाने रवांडात समाजसेवा करण्याची शिक्षा सुचवली. २४ ऑक्टोबर २०१२ ला रेकॉफ यांनी २४ महिने तुरुंगवास आणि ५० लाख डॉलर दंड ठोठावला. कायद्याची कसोटी अशी की शिक्षा पुरेशी असावी, पण गरजेपेक्षा जास्त नसावी. २०१४ मध्ये अपील कोर्टाने हा निकाल कायम केला, आणि तिथे मुख्य वाद झाला तो पुन्हा टेपचाच. गुप्ता निर्दोष आहेत का, हे वरच्या न्यायाधीशांनी नव्याने तोललं नाही. रेकॉफ यांनी पुरावा दाखल करून घेताना चूक केली का, एवढंच पाहिलं.

पण अशी सुनावणी हा अपवाद आहे, हे सांगायलाच हवं. २०१८ च्या आर्थिक वर्षात फेडरल कोर्टातल्या आरोपींपैकी सुमारे ९० टक्क्यांनी गुन्हा कबूल केला, आणि सुनावणीपर्यंत पोचले जेमतेम दोन टक्के. सरकारी वकील कमी शिक्षेचा सौदा देऊ करतो, ज्युरीसमोर हरलो तर कितीतरी जास्त वर्षं आत जाऊ या भीतीने माणूस सही करतो. न्यायाधीश तेव्हा भर कोर्टात विचारतात: तुमच्यावर कुणी जबरदस्ती केली का, आपण कुठले हक्क सोडतोय ते कळतंय का? मला ही प्रश्नोत्तरं अपुरी वाटतात. सगळी घासाघीस न्यायाधीशाच्या गैरहजेरीत झालेली असते. त्यांच्यापर्यंत येतो तो तयार कागद.

नेमणूक आणि निर्भयता

फेडरल न्यायाधीशाला अध्यक्ष निवडतात आणि सिनेट, म्हणजे संसदेचं वरचं सभागृह, साध्या बहुमताने मान्यता देतं. घटनेत वयाची अट नाही, कायद्याच्या पदवीचीसुद्धा नाही. एकदा बसले की जन्मभर. आपल्याकडे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६२ व्या वर्षी आणि सर्वोच्च न्यायालयाचे ६५ व्या वर्षी निवृत्त होतात. अमेरिकेत वयाची रेघच नाही आणि पगारही कमी करता येत नाही. काढायचं तर महाभियोग. सव्वादोनशेहून अधिक वर्षांत १५ जणांवर तो आला, त्यातल्या आठ जणांनाच सिनेटने दोषी ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाच्या एकाच न्यायमूर्तीवर ही वेळ आली, ते सॅम्युएल चेस. १८०५ मध्ये सिनेटने त्यांना दोषमुक्त केलं. निकाल आवडला नाही म्हणून न्यायाधीश काढायचा नाही, हा पायंडा तिथून पडला.

ज्यांचं इमिग्रेशनचं काम चालू आहे त्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. हद्दपारीचे खटले ऐकणारे ‘इमिग्रेशन जज’ या न्यायाधीशांपैकी नाहीत. ते न्याय खात्याचे, म्हणजे सरकारचेच कर्मचारी. त्यांना आजन्म नेमणुकीचं संरक्षण नाही. त्यांच्याविरुद्ध आधी खात्याच्या अपील मंडळाकडे जावं लागतं आणि त्यानंतर फेडरल अपील कोर्टात.

आजन्म नेमणुकीचा अर्थ जानेवारी २०२५ मध्ये सिअ‍ॅटलला दिसला. २० तारखेला ट्रम्प यांनी आदेश काढला: आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर अमेरिकेत जन्मलेल्या बाळाला नागरिकत्व नाही. नवरा-बायको एच-१बी आणि एच-४ वर असलेली सगळी घरं यात आली. चार राज्यांनी दावा लावला. तिसऱ्याच दिवशी न्यायाधीश जॉन कॉघनॉर यांनी आदेश रोखला आणि तो उघडउघड घटनाबाह्य असल्याचं भर कोर्टात सांगितलं. रेगन यांनी १९८१ मध्ये नेमलेले, वय ८३. आदेश काढणारे अध्यक्ष आणि नेमणूक करणारे अध्यक्ष एकाच पक्षाचे. त्याने काही फरक पडला नाही.

त्यांनी मनाई केली होती ती अख्ख्या देशासाठी. एका जिल्ह्याच्या न्यायाधीशाने पन्नास राज्यांत सरकारचा हात धरावा का, हा वाद जुना आहे आणि तो दोन्ही पक्षांच्या अध्यक्षांना नडलेला आहे. २७ जून २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की समोर आलेल्या पक्षकारांना पूर्ण दिलासा मिळेल एवढीच मनाई द्यावी. नागरिकत्वाच्या मूळ प्रश्नावर त्या दिवशी एक शब्दही नव्हता, तरी कितीतरी ठिकाणी ‘जन्मसिद्ध नागरिकत्व संपलं’ असे मथळे आले. एक वाट मात्र उघडी ठेवली होती: सारख्या स्थितीतल्या सगळ्यांच्या वतीने एकत्र दावा. १० जुलैला न्यू हॅम्पशरचे न्यायाधीश जोसेफ लाप्लांट यांनी या आदेशाच्या तडाख्यात येणाऱ्या सर्व बाळांना एक गट मानलं आणि पुन्हा मनाई दिली. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ प्रश्न सुनावणीला घेतला.

अशा बातम्या आल्या की मूळ निकालपत्र उघडून पाहावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सर्वोच्च न्यायालयाची निकालपत्रं त्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, युक्तिवादही थेट ऐकता येतात. खालच्या कोर्टांचं दप्तर ‘पेसर’ नावाच्या सरकारी व्यवस्थेत आहे. पानाला दहा सेंट, एका कागदपत्राला जास्तीत जास्त तीन डॉलर. पहिल्या दोन पानांत कोर्ट कोणतं आणि मागणी काय, हे कळतं. शेवटच्या पानावर नेमका हुकूम असतो.

हुकूम पाळायचा कुणी

न्यायाधीशाकडे फौज नाही, तिजोरी नाही. कोर्टाचे हुकूम बजावणारे मार्शल हेही न्याय खात्याचे, म्हणजे सरकारचे. त्यामुळे सरकारनेच किंवा एखाद्या राज्याने हुकूम मानला नाही तर काय, हा प्रश्न या व्यवस्थेच्या मुळाशी आहे.

१९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतली वर्णभेदाची विभागणी घटनाबाह्य ठरवली. सप्टेंबर १९५७ मध्ये आर्कान्सॉ राज्यातल्या लिटल रॉक इथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी सेंट्रल हायस्कूलमध्ये जायला निघाले, तेव्हा गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी राज्याच्या नॅशनल गार्डचे सैनिक उभे करून त्यांना अडवलं. नॉर्थ डकोटाहून तात्पुरते तिथे आलेले डिस्ट्रिक्ट न्यायाधीश रोनाल्ड डेव्हिस यांनी गव्हर्नरना अडवणूक थांबवण्याचा हुकूम दिला. सैनिक हटले आणि त्यांच्या जागी जमाव आला. तेव्हा अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १०१ वी एअरबोर्न तुकडी पाठवली. २५ सप्टेंबरला मुलं बंदूकधारी जवानांच्या गराड्यात शाळेची पायरी चढली.

पुढच्या वर्षी शाळा मंडळाने गडबडीचं कारण देऊन अडीच वर्षांची मुदत मागितली. सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने नाकारली आणि निकालपत्रावर नऊही न्यायमूर्तींनी आपापलं नाव घातलं. एरवी ते एकाच्या नावाने निघतं. त्यावर फॉबस यांनी शहरातली हायस्कुलं वर्षभर बंद ठेवली. जून १९५९ मध्ये फेडरल कोर्टाने शाळा बंद करण्याचा तो राज्याचा कायदाही रद्द केला आणि ऑगस्टमध्ये शाळा उघडल्या.